थोरांचा शब्द आणि डोळ्यांची साक्ष

मागल्या मार्गशीर्षात आगाशीच्या बाजूच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या रात्री कीर्तनात ध्रुवाख्यान लागले. बुवा थोर आहेत. त्यांचे नाव येथे घालत नाही, कारण आमच्या गळ्यातली माळ त्यांच्याच हातची आहे, आणि पुढे जे लिहायचे आहे त्यात चूक त्यांच्यापेक्षा आमची अधिक आहे. त्या रात्री रंग चांगला चढला होता. सावत्र आईने बापाच्या मांडीवर बसू न दिलेले पोर, त्याचे रानातले तप, नारायणाचे दर्शन आणि अखेर अढळपद. बुवांनी उत्तरेकडे हात केला आणि म्हणाले, "बाबांनो, सूर्य फिरतो, चंद्र फिरतो, सगळं तारांगण फिरतं. पण हा बाळ तसूभर हलत नाही. हललेला कुणी बघितला असेल तर त्यानं उभं राहून सांगावं!"

कीर्तनात असे आव्हान देतात ते कोणी उत्तर द्यावे म्हणून नव्हे, हे आपल्याला ठाऊक असते. पुढे बसलेल्या एका मुलीला ते ठाऊक नव्हते. आमच्याच एका टाळकऱ्याची नात, वय अकरा. ती उभी राहिली नि म्हणाली, "बुवा, ध्रुवपण हलतो. थोडासाच हलतो. शाळेत आम्हाला फोटो दाखवलाय." मंडपात हशा पिकला. बुवा क्षणभर थांबले. वीणा आमच्या गळ्यात होती. आम्ही तिथूनच हात केला, "खाली बस ग. थोरांच्या मध्ये बोलू नये." ती बसली. बुवांनी चाल धरली, पखवाज उठला, आणि विषय संपला असे आम्हांस वाटले.

काल्याच्या दिवशी ती पंगतीत वाढत होती. आमच्या पानात बुंदी वाढली, पण मान वर केली नाही. पुढे देवळात हरिपाठाला यायची तीही बंद झाली. आजोबा म्हणाले, अभ्यास असतो. असेलही. पण आमच्या मनाला ते लागून राहिले, आणि मग आम्ही जाणत्या माणसांना विचारू लागलो, थोडे वाचू लागलो.

मुलगी खरे बोलली होती. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस उत्तरेकडे लांबवत नेला तर आकाशात ज्या बिंदूला लागेल, तो बिंदू तेवढा स्थिर दिसतो. ध्रुवतारा त्या बिंदूच्या जवळ आहे, नेमका त्यावर नाही. दोहोंत अंतर आहे ०.६ अंशाहून किंचित अधिक. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे धरतात. म्हणजे पुरते एक चंद्रबिंब आणि वर थोडे. एवढ्या अंतरावरून ध्रुव रोज एक लहानसे वर्तुळ काढतो, अडीच चंद्रबिंबे रुंद. शिवाय पृथ्वीचा आसही भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांनी पुरा होतो. त्यामुळे तो बिंदूच आकाशातून हळूहळू सरकतो. इ. स. पू. २७०० च्या सुमारास त्याच्याजवळ थुबान नावाचा दुसराच तारा होता. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी आजचा ध्रुव त्या बिंदूपासून चार अंशांहून अधिक दूर होता, म्हणजे तेव्हा त्याचे हलणे आजच्यापेक्षा कितीतरी मोठे. २१०० सालाच्या सुमारास तो सर्वांत जवळ येईल आणि मग पुन्हा दूर जाऊ लागेल. अढळपद आहे, पण त्याच्या जवळ बसणारा तारा बदलतो.

ताऱ्याचे एवढे पुरे. आम्हांला छळणारा प्रश्न ताऱ्याचा नव्हता. ज्यांच्या पायांवर आपण डोके ठेवतो त्यांच्या शब्दाहून वेगळे आपल्या डोळ्यांना दिसले, तर काय करावे? गप्प बसणे ही श्रद्धा, की बोलणे ही श्रद्धा? की दोन्ही वेळा आपण आपला मानच सांभाळत असतो?

हा प्रश्न घेऊनच आम्ही माघी वारीला निघालो. वसई-विरारची आमची मंडळी माघीला रेल्वेने जातात. दौंड सोडले, भिगवण मागे पडले, की कुर्डुवाडीच्या अलीकडे करमाळा तालुक्यातले जेऊर स्टेशन लागते. किती वारकऱ्यांनी ते खिडकीतून पाहिले असेल! चहावाला येतो, गाडी सुटते. पण याच जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी सुमारे दोन मिनिटे सूर्य पुरता झाकला गेला होता, आणि ती दोन मिनिटे साधायला सातासमुद्रापलीकडून, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिक वेधशाळेतून, माणसे येऊन राहिली होती. पुण्याहूनही एक गृहस्थ आपली यंत्रे घेऊन आले होते. त्यांचे नाव प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला. (आडनाव ऐकून आमच्या तालुक्यातल्या मंडळींनी लगेच आपले नायगाव स्टेशन पुढे करू नये. नायगावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.)

हे पारशी गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवीत. म्हणजे पुढचे इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याचे २०२२ साली विद्यापीठ झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून तेथे १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली आणि महाराजांचेच नाव तिला दिले गेले. तिच्यातली दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची, आरसा वीस इंच रुंदीचा. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. आज आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर विद्यापीठांसाठीच्या केंद्राची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, तिच्यापुढे ती लहान. पण आपल्या मुलखात अशा कामाचा पाया घातला तो त्या वीस इंची आरशाने.

जेऊरच्या सात वर्षे आधी या गृहस्थांनी जे केले ते आम्हांला ग्रहणापेक्षा मोठे वाटते. ते समजायला थोडी तयारी लागते. आमच्या वसईकडे मिठागरे आहेत, म्हणून मिठापासूनच सुरू करू. चुलीत चिमूटभर मीठ पडले की जाळ पिवळा होतो. घरोघरच्या बायांना हे ठाऊक आहे. तो पिवळा उजेड लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्य दिसत नाही, नेमक्या एका जागी पिवळी रेघ दिसते. दुसरा पदार्थ जाळा, रेघ दुसऱ्या जागी. प्रत्येक पदार्थाची आपापली ओळख, जशी प्रत्येक दिंडीची पताका. मग ताऱ्याचा उजेड लोलकातून पाहिला की ताऱ्यात काय जळते आहे ते येथे बसून सांगता येते. या विद्येचे त्या वेळचे एक मोठे आचार्य म्हणजे इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर.

हा माणूस दिवसा युद्धखात्यात कारकुनी करी आणि उरल्या वेळात दुर्बिणीला डोळा लावी. १८६८ साली त्यांनी सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ पाहिली. ती मिठाच्या रेघेच्या जवळ होती, पण तिच्या जागी नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. लॉकियर म्हणाले, हा सूर्यातला वेगळा पदार्थ आहे. पुष्कळांनी ते मानले नाही. अखेर १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना तोच वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला. तोच हेलियम. सत्तावीस वर्षे हा माणूस आपल्या डोळ्यांच्या साक्षीवर उभा राहिला.

येथे जरा थांबतो. कोकणात अभिमानाने सांगतात की लॉकियरसाहेबांनी १८६८ मध्ये हेलियम विजयदुर्गावर शोधला. आम्हीही सांगत आलो. ते तसे नाही. १८६८ च्या ऑगस्टातल्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. ती रेघ त्यांनी पुढे ऑक्टोबरात इंग्लंडात पाहिली, आणि तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गाला ते आले हे खरे, पण १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे जेऊरच्याच ग्रहणाला. दोन ग्रहणे एकात मिसळली आणि गोष्ट गोड झाली. गोड गोष्ट सोडताना जिभेला किती जड जाते ते आम्ही अनुभवले. बुवांना दोष देण्याआधी हेही मांडलेले बरे.

तर असे हे लॉकियर. १८८७ पासून ते सांगू लागले की सारे विश्व उल्कांच्या थव्यांतून घडले आहे, आणि आकाशातले तेजोमेघही उल्काच, एकमेकींवर आपटून पेटलेल्या. माघात रात्री मृग नक्षत्र डोक्यावर येते. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन चांदण्यांखाली एक अंधूकसा डाग दिसतो, तो यांतलाच एक. त्याच्या उजेडात एक हिरवट रेघ ठळक असते. लॉकियर म्हणत, ही मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम जळताना उल्केत जसा पट्टा उमटावा तशी. आता पट्ट्याची एक कड धारदार असते आणि दुसरीकडे तो विरत जातो, लुगड्याचा रंग धुण्यात एका बाजूला उतरावा तसा. खरी रेघ मात्र दोन्ही कडांना सारखीच रेखीव. तेव्हा प्रश्न सरळ होता. ही रेघ आहे, की विरत जाणारा पट्टा?

नायगमवालांनी पुण्यातून मृगातल्या त्या मेघाकडे दुर्बीण लावली. त्यांना दिसले की रेघ बारीक आहे, स्वच्छ आहे, आणि कोणत्याही स्थितीत पाहिली तरी तशीच राहते. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी ते छापले. म्हणजे हिंदुस्थानातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने, इंग्रजी अमलात, त्या विद्येच्या आचार्याविरुद्ध साक्ष दिली. एकट्यानेच दिली असेही नाही. इंग्लंडात विल्यम हगिन्स विरोधात होतेच आणि लिक वेधशाळेच्या जेम्स कीलर यांनी रेघेची जागाच इतकी काटेकोर मोजली की ती मॅग्नेशियमच्या जागी बसेना. पण पुण्याची साक्ष त्यांत आहे आणि ती टिकली. लॉकियर यांनी आपले मत सहजासहजी सोडले नाही. आचार्यांचे असे होते.

आता यातली आम्हांला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे. रेघ मॅग्नेशियमची नाही, मग कशाची? विद्वान म्हणाले, हेलियमसारखाच हा एखादा नवा पदार्थ असणार. त्याला नावही ठेवले, नेब्युलियम. पण तसा पदार्थ कुठेच नव्हता! १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती रेघ ऑक्सिजनची आहे. आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू, फक्त त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले, आणि तो इतका विरळ पसरलेला की तशी विरळता पृथ्वीवरच्या कुठल्या भांड्यात साधत नव्हती. म्हणून ही रेघ येथे कोणी पाहिलीच नव्हती. सुमारे तेराशे वर्षे चालत आलेल्या त्या उजेडात आपल्याच प्राणवायूची ओळख होती.

म्हणजे पाहा, लॉकियर चुकले आणि त्यांना चूक म्हणणारेही पुढे चुकले. उल्का गेल्या, नेब्युलियम गेला. टिकले काय? 'रेघ बारीक आहे, स्वच्छ आहे' एवढे साधे वाक्य. कोणाचाही अर्थ खरा ठरो, ते वाक्य त्याच्या आड येत नाही, उलट प्रत्येकाला त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. साक्ष निराळी आणि साक्षीचा अर्थ निराळा. आम्ही आयुष्यभर निरूपणे ऐकली, पण हा भेद असा हाताला लागला नव्हता.

शास्त्रात शब्दप्रमाण आहे, आणि वारकऱ्याला संतांचा शब्द प्रमाण आहे, यात वाद नाही. पण शब्द प्रमाण कोणाचा? आप्ताचा. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य करणारे वात्स्यायन सांगतात की ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते असेही म्हणतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू. एवढ्या जुन्या काळी हे लिहिले गेले आहे! मग आप्तपणा माणसाला चिकटलेला नाही, त्या त्या गोष्टीला चिकटलेला आहे. भक्तीत आमचे बुवा आप्त आहेत. चाळीस वर्षे त्यांनी ती जगून दाखवली, हे आम्ही पाहिले आहे. पण ध्रुव हलतो की नाही, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते, ऐकले होते. मुलीने निदान फोटो पाहिला होता. त्या एका गोष्टीत ती अकरा वर्षांची पोर आप्ताच्या अधिक जवळ होती.

कोणी म्हणेल, असे म्हटले तर उद्या प्रत्येक पोर उठून प्रत्येक बुवाला टोकेल, मग सांप्रदाय राहिला कुठे? भीती खोटी नाही. दिसले म्हणणाऱ्या प्रत्येकाला दिसलेले असतेच असे नाही. डोळ्यालाही साधना लागते. आकाश निवळण्याची वाट पाहायची, यंत्र सारखे करायचे, तीच गोष्ट पुन्हापुन्हा, स्थिती बदलून पाहायची, आणि मग अशा रीतीने सांगायची की ऐकणाऱ्याला स्वतः पाहून खरे-खोटे करता यावे. नायगमवालांची वेधशाळा १९१२ साली ते निवृत्त होताच बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. पण त्यांनी पाहिलेले पाहायला पुण्याला जाण्याची गरजच नव्हती. कोणीही कुठूनही मृगाकडे पाहावे. ज्या बोलण्यात अशी वाट मोकळी ठेवलेली असते ते उद्धटपणाचे नसते. मुलीनेही 'खोटं बोलता' असे म्हटले नव्हते. बुवांनी विचारले, तिने सांगितले. उद्धटपणा केला तो आम्ही.

बुवांचे म्हणणे तरी काय होते? निष्ठा ढळू नये. हा अर्थ. त्यासाठी त्यांनी तारा साक्षीला बोलावला. चूक झाली ती येथे, की बोलावलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी होऊ द्यायची नाही असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. 'अहो, ते रूपक आहे' असे आता म्हणणे सोपे आहे. त्या रात्री ते रूपक म्हणून सांगितले नव्हते, उत्तरेकडे बोट करून सांगितले होते. आणि ध्रुवबाळाची निष्ठा एका ताऱ्याला खुंटीसारखी टांगून ठेवली, तर खुंटी हलल्याचे ज्या दिवशी पोराला कळेल त्या दिवशी टांगलेले सगळेच खाली येईल. ध्रुवाची गोष्ट ऐकून त्या मुलीच्या मनात काय राहिले असेल? 'गप्प बस' एवढेच. मांडीवरून उठवलेल्या पोराची गोष्ट सांगता सांगता आम्ही एका पोराला उठवले.

एवढे कळूनही धीर व्हायला कार्तिक उजाडला. तिच्या घरी गेलो. आजोबा ओशाळले, "माउली, पोर आहे, कशाला मनावर घेता?" आम्ही तिला म्हटले, "बाय, त्या दिवशी माझं चुकलं." तिने जरा वेळ पाहिले आणि विचारले, "बघायचंय तुम्हाला?"

गच्चीवर तिने उरल्यासुरल्या नळकामातला एक इंची प्लॅस्टिकचा पाइप आणला होता, चांगला दहा फुटी. एक टोक टाकीच्या चौथऱ्यावर, दुसरे विटांवर, सुतळीने आवळून बांधलेले. आपल्या वसईत ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशच वर असतो, त्यामुळे पाइप जवळजवळ आडवाच. (पंढरीला तो आणखी खाली, साडेसतरा अंशांवर. दक्षिणेकडे जाणाऱ्या वारकऱ्याच्या पाठीमागे ध्रुव रोज थोडा थोडा उतरत असतो, हेही तेव्हाच कळले.) विरारकडच्या दिव्यांचा उजेड आभाळात चढतो, तरी ध्रुव ओळखू येतो. हरिपाठाच्या वेळी डोळा लावला तेव्हा पाइपाच्या बरोबर मध्ये तारा होता. पहाटे काकड्याला जाताना पुन्हा गेलो. पाइप रिकामा. आम्ही हात लावू लागलो तर म्हणाली, "हलवू नका. पाइप तसाच आहे. तो गेलाय."

त्याच दिवशी बुवांकडे गेलो आणि सगळे सांगितले. बुवा बराच वेळ माळ ओढीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं म्हणतोस?" आम्हांला उत्तर सुचले नाही. साक्ष आणि अर्थ वगैरे जे वर लिहिले आहे त्यातले एक अक्षर तोंडातून निघाले नाही. नमस्कार केला आणि आलो.

चार दिवसांनी पहाटे काकडा आटोपल्यावर बुवा आपणहून गच्चीवर आले. गुडघे धरून जिना चढले. मुलगी तिथेच होती. बुवा खाली बसले, चष्मा काढला, पाइपाला डोळा लावला आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

"आता नाही दिसणार, बुवा. काल संध्याकाळी होता."

"मग मला संध्याकाळी का नाही बोलावलंस? नुसती रिकामी नळी बघून कसं मानू?"

"आज या," ती म्हणाली. "हरिपाठाच्या आधी या. पण मग पहाटे परत यावं लागेल."